हवानात कोणी ‘आज शेवटचा दिवस’ म्हणालं तर जागेवरून हलू नका

300 डॉलर. त्या वेळच्या भावाने जवळजवळ 24,900 रुपये. एका संध्याकाळी हवानातल्या बारमध्ये फसून घालवलेले. मी 31 वर्षं बँकेत काढली, गिऱ्हाइकांना ‘सही करण्याआधी वाचा’ म्हणून सांगण्यात जन्म गेला, त्यामुळे हे लिहायला मला वर्ष लागलं. मुलाला अजूनही खरा आकडा सांगितलेला नाही.

2024 च्या मार्चमध्ये मी आणि बायको क्युबाला गेलो. 26 तासांचा प्रवास करून दुपारी हवानात उतरलो. उतरलो होतो एका घरगुती खोलीत, तिकडे त्याला ‘कासा’ म्हणतात. गेल्या गेल्या वीज गेली, नेट बंद. कुठे जेवावं हे शोधायची सोयच नव्हती. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘आधी रिव्ह्यू बघायचे ना’ हे मी वीस जणांकडून ऐकलंय.

पार्के सेंत्राल या चौकातून ओबिस्पो रस्त्याला लागलो तर एक जोडपं भेटलं. तिशीतलं, नीटनेटकं, इंग्रजी चांगलं. तो कुठल्याशा हॉटेलात आचारी, ती नाच शिकवते. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ‘आज ब्युएना व्हिस्टाच्या महोत्सवाचा शेवटचा दिवस, जुने मूळ कलाकार वाजवणार आहेत, आम्हीही तिकडेच निघालोय.’

ब्युएना व्हिस्टा म्हणजे क्युबाच्या जुन्या गायक-वादकांचा जगभर गाजलेला संच. मी ते संगीत वीस वर्षं ऐकतोय. त्यातले काँपाय सेगुंदो 2003 मध्ये गेले, इब्राहिम फेरेर 2005 मध्ये. हे मला तोंडपाठ आहे. मी तसं म्हणालोही. त्यावर तो क्षणाचाही वेळ न घेता म्हणाला, ‘हो, पण त्यांच्याबरोबर वाजवणारे आहेत ना.’ आणि मी गप्प बसलो, कारण मला ते खरं असायला हवं होतं.

बाजूच्या गल्लीत शिरलो, जिना चढून वर गेलो. आम्ही खुर्च्या ओढतोय तोवर टेबलावर मोहितोचे, म्हणजे पुदिना-लिंबू घातलेल्या रमचे, चार ग्लास आले. कोणी काही मागवलेलं नव्हतं. ठेचलेला पुदिना तळाशी, वर बर्फ, ग्लासांना बाहेरून घाम फुटलेला. म्हणजे ते आधीच भरून ठेवलेले होते. आम्ही चौघं येणार हे आतल्या माणसाला ठाऊक होतं. तो घाम मी डोळ्यांनी पाहिला. त्याच वेळी बायकोचा हात धरून खाली उतरायला हवं होतं. रोज रात्री मला तो ग्लास आठवतो.

मेनूकार्डावर दर नव्हते. विचारलं तर ती बाई हसून म्हणाली, ‘इथे सगळं स्वस्तच असतं.’ बायको बीफ खात नाही म्हणून तिकडचं प्रसिद्ध ‘रोपा व्हिएहा’ टाळलं, भाजलेलं डुकराचं मांस सांगितलं. सोबत काळा राजमा घातलेला भात, तळून चेपलेली कच्ची केळी, आणि आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो युका, लसूण आणि आंबट संत्र्याच्या रसात. जेवण वाईट नव्हतं. वाजवणारे तर खरोखर चांगले होते. त्रेस हे गिटारसारखं वाद्य वाजवणाऱ्या म्हाताऱ्याची बोटं तारांच्या तीन जोड्यांवर अशी फिरत होती की बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वादकांवर माझा राग नाही. त्यांनी टोपी फिरवली तेव्हा मी 5 डॉलर टाकले, ते मी फसवणुकीत धरत नाही.

मग हाताने लिहिलेलं बिल आलं. मोहितो 8, प्रत्येकी 15, झाले 120. जेवणं 4, प्रत्येकी 28, झाले 112. संगीताचे माणशी 10, म्हणजे 40. वर दहा टक्के सेवा, 27.20. एकूण 299.20. जोडपं तोवर ‘मुलीला फोन करून येतो’ म्हणून उठलेलं. जिन्याच्या तोंडाशी दोन धिप्पाड माणसं उभी होती. त्यांनी धमकी दिली नाही, फक्त हलली नाहीत. परमुलुखात, रात्री, बायको सोबत. तुम्ही काय केलं असतं? शंभराच्या तीन नोटा ठेवल्या. 80 सेंटही परत आले नाहीत.

दर नसलेलं मेनूकार्ड परत द्या.

पोलीस चौकीत त्याच रात्री गेलो. पाऊण तास बाकावर. साहेबांना इंग्रजी येत नव्हतं, आणि कोणाला बोलवायची इच्छाही नव्हती. खाल्लंत का? हो. प्यायलात का? हो. मारलं का? नाही. मग गुन्हा कुठला, हे त्यांनी खुणेनेच विचारलं. पावतीवर बारचं नाव नाही, म्हणून पावती चालत नाही. सकाळी नऊला या. नऊला गेलो तर दुसरेच साहेब, वहीत आमची नोंदच नाही, दुभाषा तुम्हीच आणा. चला, जागा दाखवतो, दोनशे पावलांवर आहे, म्हणालो. उठले नाहीत. तिकडच्या पर्यटन खात्याला दोन मेल केले, उत्तर नाही. पुण्यातल्या ज्या कंपनीने सहल आखून दिली ती म्हणाली, ‘वैयक्तिक खर्च अटींमध्ये येत नाही.’ अहो, मी पैसे मागत नव्हतो, पुढच्या गिऱ्हाइकांना सावध करा एवढंच म्हणत होतो! तेही केलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या जाहिरातीत तोच ओबिस्पो रस्ता झळकत होता.

कासाच्या मालकीणबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. महोत्सव वगैरे काही नसतो, वर्षभर रोज ‘शेवटचा दिवस’ असतो, म्हणाल्या. जेवायला कुठे जायचं ते आधी घरमालकांनाच विचारा. आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी गेलो, फळ्यावर दर लिहिलेले, मोहितो 3 डॉलर. लहान मुलासाठी दूध पावडर घेऊन द्या म्हणून कोणी दुकानाकडे नेलं तरी जाऊ नका, पावडर मागच्या दाराने दुकानात परत जाते. आणि मोठ्या नोटा एकाच पाकिटात ठेवून बाहेर पडू नका. माझ्या जवळ तेव्हा शंभरच असते तर शंभरावरच सुटलो असतो.

ती पावती मी जपून ठेवली आहे. मोहितो 8 असं निळ्या शाईत लिहिलंय. त्यातले मी दोन घेतले होते, बायकोने एक.