पान जगलं, वेल मात्र आलीच नाही

होया केरी ही वेल मला कित्येक दिवसांपासून हवी होती. जाड, गुळगुळीत, हुबेहूब हृदयाच्या आकाराची पानं. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे ती दिसली, चिमुकल्या कुंडीत एकच पान उभं खोचलेलं. मी सरळ विचारलं, याची वेल होईल ना? "वर्षभरात खिडकी भरून जाईल, फक्त पाणी बेताने घाला," असं उत्तर आलं. मी घेतलं.

वर्ष गेलं. पान टवटवीत, पण कोंबाचा पत्ता नाही. माझंच काहीतरी चुकतंय असं वाटून कुंडी जास्त उजेडात हलवली, मातीत नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि माती भुसभुशीत ठेवणारे पर्लाइटचे हलके पांढरे खडे मिसळले, पातळ करून खत दिलं. दुसरं वर्षही तसंच सरलं. शेवटी पान अलगद उपटून पाहिलं. मुळं पांढरी, दाट, निरोगी. पण देठाला खोडाचा कणभरही तुकडा नव्हता.

फसवणूक नेमकी तिथे होती. होयाचा नवा कोंब फुटतो तो पेरावरच्या डोळ्यातून. उसाचं बेणं लावताना डोळा पाहतात ना, तसंच. नुसत्या पानाला मुळं येतात, ते वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण त्याची वेल होत नाही. जेड आणि स्नेक प्लांटची रोपं मी स्वतः पानापासून केली आहेत, म्हणून मला शंकाच आली नाही. विकणाऱ्याला मात्र हे ठाऊक असणारच. एका वेलीची 25 पानं खुडली की 25 'रोपं' तयार! पान म्हणून विकलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

जाब विचारला तेव्हा "तुमच्याकडे उजेड कमी पडत असेल" असं ऐकवलं. ते सगळ्यात जास्त लागलं. दोन वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते.

घेण्याआधी देठाच्या बुडाची माती बाजूला करून फोटो पाठवायला सांगा. खोडाचा तुकडा दिसलाच पाहिजे. होयाची पानं समोरासमोर जोडीने येतात, त्यामुळे शक्यतो जोडी असलेली कटिंगच घ्या. पिवळ्या किनारीचं पान आणखी महाग विकतात, तिथे तर नीट बघा. टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

नंतर मी दोन पेरांची कटिंग आणली. काही महिने ती हललीच नाही, मग एका डोळ्यातून बिनपानांची लांब दोरी निघाली आणि आधार शोधू लागली. जुनं पान तिच्या शेजारीच आहे, अजून हिरवं, एकटं.