'रिप्लाय 1988' संपली, आता पुढची कुठली?

'असलीच दुसरी सांग की.' 'रिप्लाय 1988' ही कोरियन मालिका संपवलेला प्रत्येक जण मला हेच म्हणतो. सोलमधल्या सांगमुनदोंग भागातली एक गल्ली, पाच घरं, पाच दोस्त. पहिल्याच भागात जेवणाच्या वेळी आया पोरांच्या हातात भांडी देऊन त्यांना शेजारी पिटाळतात, आणि प्रत्येक घरचा पदार्थ गल्लीभर फिरतो. रविवारी पांढऱ्या रश्श्याचं पातेलं उतरलं की आधी शेजारी वाटी जाते, अशा पेठेत वाढलेल्या माणसाला ही गल्ली परकी वाटतच नाही.

पण 'असलीच' म्हणताना प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवं असतं. कुणाला ते पाच दोस्त हवे असतात, कुणाचा जीव त्या पाचांतल्या डोकसूनच्या वडिलांमध्ये अडकलेला असतो. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिल्यामुळे तळघरात राहायची वेळ आलेला तो माणूस लेकीला सांगतो, की मीसुद्धा पहिल्यांदाच बाप होतोय. तुम्ही नेमके कुठे अडकलात, त्यावर पुढची निवड करा.

दोस्त हवे असतील तर 'हॉस्पिटल प्लेलिस्ट'. दिग्दर्शक शिन वोन-हो आणि लेखिका ली वू-जंग हे 'रिप्लाय'चेच. 1999 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयात भेटलेले पाच जण आता चाळिशीचे डॉक्टर आहेत, एकाच रुग्णालयात काम करतात आणि सवड काढून स्वतःच्या बँडमध्ये गाणी वाजवतात. 2020 आणि 2021 असे दोन सीझन, प्रत्येकी 12 भाग. यात कपटी खलनायक नाही, कारस्थान नाही. ऑपरेशनं होतात, माणसं वाचतात, काही जातात, आणि हे पाच जण जेवणाच्या टेबलावर एकमेकांच्या ताटातलं पळवतात. पहिले दोन भाग मात्र नेटाने काढावे लागतात, कारण पात्रं भराभर येतात. तिथे सोडू नका. ज्यांच्या घरात सध्या दवाखाना चालू आहे, त्यांनी ही थोडी लांबणीवर टाकावी.

आई-बाप मनातून जात नसतील तर 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स'. माझं माप सरळ हिच्या बाजूने झुकतं. 2025 ची ही मालिका 16 भागांची आहे. कोरियातल्या जेजू बेटावरची एसून हिला कवयित्री व्हायचंय. तिची आई हेन्यो आहे, म्हणजे श्वास रोखून समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढणारी. बोलणं कमी आणि करणं जास्त असा ग्वानशिक लहानपणापासून एसूनच्या मागे उभा असतो. गायिका-अभिनेत्री आयूने तरुण एसूनही केलीय आणि तिची मुलगी गुमम्यंगही. त्यामुळे आईचं अर्धवट राहिलेलं शिक्षण लेकीच्या वाट्याला येतं, तेव्हा चेहरा तोच दिसतो आणि पोटात कालवतं. 'रिप्लाय'मध्ये एक काळ होता, इथे तीन पिढ्या आहेत. गल्लीची गंमत इथे थोडी कमी आहे, पण घरासाठी आयुष्य झिजवणाऱ्या बायकांबद्दल इतक्या मायेने आणि इतकं स्पष्ट बोलणारी मालिका मी दुसरी पाहिलेली नाही. आपल्याकडे शेतात भांगलण करून पोरींना कॉलेजला घालणाऱ्या आया कमी नाहीत. त्यांच्या शेजारी बसून बघावी अशी ही आहे.

चिनी मालिका बघायची तयारी असेल तर 'गो अहेड' (2020). दोन बाप, तीन मुलं, रक्ताचं नातं अर्धवट आणि जेवणाचं टेबल एक. नूडल्सचं दुकान चालवणारा ली हायचाव सगळ्यांना खाऊ घालत राहतो. सुरुवातीचे भाग लाजवाब आहेत. मात्र मालिका चाळीसहून जास्त भागांची आहे, मधेच मुलं मोठी होतात आणि तिथून एका आईचा जाच फारच ताणलाय. तेवढा धीर नसेल तर तिचाच कोरियन अवतार 'फॅमिली बाय चॉइस' (2024) 16 भागांत आटोपतो. तो जास्त नीटनेटका आहे, पण मूळ मालिकेतल्या बापाची ऊब तिथे थोडी उणी पडते.

आणि मोठी मालिका नकोच असेल, तर जपानी 'मिडनाइट डायनर: टोकियो स्टोरीज'. मध्यरात्री उघडणारी एक खानावळ, साधारण पंचवीस मिनिटांचा भाग, एक पदार्थ, एक गिऱ्हाईक. पाठोपाठ बघायची गरज नाही.

आई-आजी सोबत बसणार असतील तर आधी ऑडिओच्या यादीत हिंदी आहे का ते तपासा. भराभर सरकणाऱ्या इंग्रजी ओळी वाचताना त्या कंटाळून उठतात आणि मालिका तिथेच राहते. 'टँजरीन्स' निवडलीत तर एका बैठकीत उरकू नका. ती आलीच मुळी चार आठवड्यांत, दर आठवड्याला चार भाग, एकेका ऋतूच्या नावाने. चार शनिवार मोकळे ठेवा आणि जेवणं आधी आटपून घ्या.