‘नवीन आहे, अपडेट येईल’ : कामाच्या मशीनमध्ये गळ्यात मारलेला नमुना

कामासाठी नुकतंच बाजारात आलेलं हार्डवेअर घ्यावं की थोडं थांबावं, हा वाद जुना आहे. त्यात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. वस्तूचं नवेपण विकणाऱ्याच्या फार उपयोगी पडतं. बिघाड कसलाही असो, ‘नवीन आहे, अपडेट येईल’ म्हणून वेळ मारून नेता येते. मला मिळालेला प्रोसेसर मुळात विकायचा मालच नव्हता, आणि या एका वाक्यावर बदलून घेण्याची मुदत निघून गेली.

मी थ्रीडी ॲनिमेशनचं काम करतो, मशीन रात्ररात्र रेंडरिंगला, म्हणजे सीनवरून तयार चित्रं (फ्रेम) काढायला, लावलेलं असतं. इंटेलची नवी पिढी नुकतीच आली होती. असेंबल करून देणाऱ्याने इतरांपेक्षा कमी भाव सांगितला आणि वर म्हणाला, “सर, ट्रे पीस आहे, त्याला बॉक्स येत नाही.” हे खोटं नव्हतं, म्हणूनच पटलं. कॉम्प्युटर जोडणाऱ्यांना प्रोसेसर खरोखरच बिनबॉक्सचे, ट्रेमध्ये येतात आणि त्यांची वॉरंटी विकणाऱ्याकडूनच घ्यायची असते. मशीन मात्र कूलर बसवून, बंद करूनच हातात आलं.

सुरुवातीला मशीन मधूनच रीस्टार्ट व्हायचं. ते एक वेळ चालतं, निदान कळतं तरी. पुढे तयार फ्रेममध्ये काळे चौकोन दिसायला लागले आणि रेंडरिंग मात्र ‘पूर्ण’ म्हणून संपलेलं असायचं. तोच सीन, त्याच सेटिंगने पुन्हा लावला की चौकोन दुसरीकडे. बंद पडणारं मशीन परवडलं, चुकीचं उत्तर बिनधास्त देणारं नको. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदवहीत) डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदींची रांग होती, म्हणजे हार्डवेअर स्वतःच तक्रार करत होतं.

विकणाऱ्याकडे उत्तर तयारच होतं. रॅम नवीन प्लॅटफॉर्मवर जुळायला वेळ घेते, ड्रायव्हर कच्चे आहेत, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) नवा येतोय. यातलं काहीच अशक्य नव्हतं, हीच गोम. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं उदाहरण ताजं आहे. गेममध्ये ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा, लोक ग्राफिक्स कार्डाला दोष द्यायचे, आणि दोष निघाला प्रोसेसरचा. मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट 2024 मध्ये दुरुस्ती आली, पण तोवर खराब झालेल्या चिप तिने सुधारणार नव्हत्या. म्हणून वॉरंटी आणखी दोन वर्षं वाढवून द्यावी लागली. त्याआधी जानेवारी 2011 मध्ये मदरबोर्डवरचा नवा चिपसेट विक्रीला येऊन महिनाही झाला नव्हता, तोच इंटेलने त्याचा पुरवठा थांबवला, कारण त्याचे हार्ड डिस्क जोडायचे काही साटा पोर्ट वापरानुसार मंदावत जाणारे निघाले. म्हणजे नव्या मालात दोष निघतात, खरंच निघतात. फरक एवढाच की तिथे बनवणाऱ्याने दोष उघडपणे कबूल केला आणि माल बदलून दिला. माझ्या मॉडेलबद्दल अशी तक्रार दुसरं कुणीच करत नव्हतं. पाणी मुरत होतं ते इथे.

शेवटी विकणाऱ्याच्याच सांगण्यावरून बायॉस, म्हणजे मशीन चालू करणारा मदरबोर्डमधला प्रोग्रॅम, अपडेट केलं. मशीन चालूच होईना. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. मदरबोर्डला पेन ड्राइव्हवरून थेट बायॉस भरायचं बटण होतं, म्हणून जुनं बायॉस परत टाकलं, आणि मशीन निमूट सुरू झालं. इथे डोक्यात ट्यूब पेटली. बाजारात रीतसर आलेल्या प्रोसेसरला नवं बायॉस नाकारेल कशाला? टास्क मॅनेजरमध्ये नाव अगदी बरोबर दिसत होतं, पण सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडल्यावर त्याच नावापुढे कंसात दोन अक्षरं होती : ईएस. कूलर काढला, पेस्ट पुसली. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर मॉडेलचं नाव असतं त्या जागी ‘इंटेल कॉन्फिडेंशियल’ कोरलेलं, आणि खाली ‘क्यू’ने सुरू होणारा कोड. दुकानात विकायच्या चिपवर त्या जागी ‘एसआर’ने सुरू होणारा कोड असतो.

ईएस म्हणजे इंजिनिअरिंग सॅम्पल, चाचणीचा नमुना. माल बाजारात येण्याआधी मदरबोर्ड बनवणाऱ्यांना वगैरे तो वापरून बघायला देतात. मालकी इंटेलचीच राहते, विकायची परवानगी नसते, वॉरंटी नसते. त्यात दोष शिल्लक असू शकतात, कारण ते शोधण्यासाठीच तो बनवलेला असतो. पक्का माल बाजारात आला की पुढच्या बायॉसमधून या नमुन्यांचा आधार बरेचदा काढून टाकतात. विकणाऱ्याला झाकणाचा फोटो पाठवला तर म्हणाला, “सर, ईएस म्हणजे उलट टेस्ट केलेला पीस.” दाद द्यावी असा निगरगट्टपणा!

तेव्हा नवं हार्डवेअर बिनबॉक्सचं घेत असाल तर प्रोसेसर कूलर बसण्याआधी डोळ्यांनी बघा, झाकणाचा फोटो काढा आणि त्यावरचा बॅच क्रमांक बिलावर लिहून मागा. माझ्या बिलावर फक्त मॉडेलचं नाव होतं, त्याने पुढे भांडताना फार अडलं. मशीन आल्या आल्याच ताजं बायॉस टाका, तेही विकणाऱ्यासमोर. नमुना असेल तर पुष्कळदा तिथेच उघडा पडतो. आणि बेंचमार्कच्या (वेग मोजणाऱ्या चाचण्यांच्या) आकड्यांवर जाऊ नका. तुमचंच एखादं जड काम एकाच सेटिंगने दोनदा लावा आणि निकाल ताडून बघा. बदलून घेण्याची मुदत चालू असताना ‘पुढचं अपडेट येऊ दे’ हे उत्तर तर अजिबात घेऊ नका. अपडेट येवो न येवो, माल आधी परत.

प्रोसेसरचे पैसे मिळाले, पण फोटो दाखवून नाही. कार्डाच्या बँकेत तक्रार नोंदवल्यावर. मदरबोर्डच्या पैशांबाबत विकणाऱ्याने हात वर केले. चिप मात्र आठवणीने परत मागून घेतली. ती तो कचऱ्यात टाकेल असं मला वाटत नाही, म्हणून हे सगळं लिहिलं.