नास्कारच्या नव्या गेमची ‘टेस्ट बिल्ड’ देतो म्हणणाऱ्यापासून सावध! माझे ६२५ डॉलर गेले

आधी आकडे सांगतो. लोक लाजेपोटी आकडे लपवतात आणि त्यावरच या चोरांचं फावतं. ७५, मग २४०, मग ३१०. एकूण ६२५ डॉलर. रजिस्ट्रेशन, अनामत, डिपॉझिट, हा क्रम ओळखीचा वाटेल. तोच जुना प्रकार आहे, फक्त या वेळी गळाला नास्कारचा, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचा, गेम लावला होता: रिलीजच्या आधी चाचणीची प्रत (‘टेस्ट बिल्ड’) देतो म्हणाला.

मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला राहतो. बहुतेक नास्कार टीम्सची वर्कशॉप्स याच परिसरात आहेत, दीड मैलाचा स्पीडवे शेजारच्या कॉन्कर्डमध्ये. इथे राहून हा खेळ अंगात भिनतो. आणि पीसीवर स्टॉक कार चालवणाऱ्यांनी किती वाट पाहिली आहे, हे बाहेरच्यांना कळणार नाही. पॅपिरस कंपनीचा २००३ चा नास्कार गेम लोक अजून मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) टाकून खेळतात, कारण नंतर तसं काही हाताला लागलंच नाही. २०२१ ला ‘इग्निशन’ हा गेम आला तो बग घेऊनच. २०२२ ला नवा गेम न काढता त्यालाच पुरवणी जोडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नास्कार गेमचं लायसन्स आयरेसिंगकडे गेलं, म्हणजे पॅपिरसच्या डेव्ह केमरने पुढे उभ्या केलेल्या कंपनीकडे, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मग ‘नास्कार २५’ आला, पण २०२५ च्या १४ ऑक्टोबरला फक्त पीएस ५ आणि एक्सबॉक्सवर. पीसीवाल्यांना ११ नोव्हेंबर. या मधल्या चार आठवड्यांतच हा माणूस शिरला.

डिस्कॉर्ड या गेमर्सच्या चॅट ॲपवर मेसेज आला, तोही मराठीत. “दादा, तुम्ही पीसीवालेच ना? मी मूळचा सांगलीचा, मॅसॅच्युसेट्सला टेस्टिंग टीममध्ये आहे.” फोनवर तासभर बोलला. डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर भिंतीला घासून जाणं, टायर झिजल्यावर गाडी कशी सैल होते, ट्रक सिरीज, एआरसीए अशा खालच्या सिरीज, सगळं तोंडपाठ. परक्या मुलखात आपल्या भाषेत कोणी इतकं जाणकारीनं बोलला तर कोण संशय घेईल? मला बावळट म्हणणाऱ्यांनी हे आधी ऐकावं.

७५ डॉलर ‘टेस्टर रजिस्ट्रेशन’चे. स्टीमवरचा (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातला) खरा प्लेटेस्ट, म्हणजे खेळून चाचणी, फुकट असतो, त्यासाठी कोणी एक सेंटही मागत नाही, हे इथेच लिहून ठेवतो. मग २४० ‘गुप्ततेच्या कराराची अनामत, गेम रिलीज झाला की परत’. आणि या दोन्हींच्या मध्ये तो व्हिडिओ.

त्या व्हिडिओचा विचार करून मला झोप लागत नाही. ‘आमच्या बिल्डचा’ म्हणून त्याने पिट स्टॉप दाखवला. टायर बदलणारा नट काढायची गन घेऊन खाली बसतो आणि चाकाचे पाच नट सोडवतो. २०२२ पासून कप सिरीजच्या (नास्कारची सर्वात वरची सिरीज) ‘नेक्स्ट जेन’ गाडीला मध्यभागी एकच नट असतो. मी लगेच विचारलं. मी गप्प बसलो नव्हतो, विचारलं! तो म्हणाला, “दादा, ही कप नाही, एक्सफिनिटी आहे.” आणि ते पटण्यासारखंच होतं. एक्सफिनिटी म्हणजे तेव्हाची कपच्या खालची सिरीज, तिला पाचच नट होते. नंबरही दाराच्या मधोमध, तेव्हाच्या नेक्स्ट जेनसारखा पुढे सरकवलेला नव्हता. सगळं जुळत होतं. मला जे माहीत होतं तेच त्याने माझ्यावर उलटवलं.

पण गाडीच्या नाकावर ‘कॅमरी’ असं ढळढळीत लिहिलं होतं. एक्सफिनिटीत टोयोटा २०१९ पासून सुप्रा उतरवत होती, कॅमरी कपमध्ये. पाच नट आणि कॅमरी म्हणजे ती ना तेव्हाची कप गाडी, ना एक्सफिनिटी, बहुधा जुन्या गेमचं फुटेज. हे माझ्यासमोर स्क्रीनवर होतं आणि मी नटांकडे बघत बसलो. नाकावरची ती पाच इंग्रजी अक्षरं वाचली असती तर २४० आणि ३१० दोन्ही वाचले असते.

३१० हे ‘टेस्टिंगसाठी पाठवतोय त्या डायरेक्ट ड्राइव्ह व्हील बेसचं डिपॉझिट’, म्हणजे गेमच्या स्टीअरिंगला जोडायच्या मोटरचं. कुरिअरचा ट्रॅकिंग नंबरही दिला, तो खोटा. गेम सुरू करायच्या कोडचा, म्हणजे कीचा, फोटो आला त्यात पाच-पाच अक्षरांचे पाच गट. स्टीमची की सहसा तीन गटांची असते, पाच गटांचा कोड एक्सबॉक्सचा. फोटो आला की आधी गट मोजा. मी हे विचारताच त्याने मला ब्लॉक केलं.

आता मदत करणाऱ्यांचं ऐका. बँक म्हणते, ट्रान्सफर तुम्ही स्वतः केलंत, म्हणजे व्यवहार अधिकृत, पैसे परत मिळणार नाहीत. अहो, पण फसवून करून घेतलं ना! पैसे गेलेलं खातं याच देशातलं, त्यावर कुणाचं तरी नाव आहे, ते मला सांगत नाहीत आणि पोलिसांनी मागितल्याशिवाय त्यांनाही देत नाहीत. पोलीस ते मागत नाहीत. ऑफिसरने ‘व्हिडिओ गेम’ हे शब्द ऐकले आणि त्याचा आवाजच बदलला. फोन नंबर +९१ चा दिसल्यावर म्हणाला, हे भारतातलं प्रकरण, तिकडे बोला. माझा धाकटा भाऊ सांगलीत ठाण्यात गेला, अर्धा दिवस बाकावर बसला. तिथे उत्तर मिळालं, पैसे अमेरिकेत गेले, गुन्हा अमेरिकेतला, इथे नोंदवता येणार नाही. इकडचे तिकडे बोट दाखवतात, तिकडचे इकडे. चोराला सीमा ओलांडायला एक मेसेज पुरतो आणि यांना एक कागद ओलांडवत नाही. ६२५ डॉलर ही यांच्या लेखी रक्कमच नाही. अशा किती ६२५ वर तो जगत असेल, हा प्रश्न कुणालाच पडत नाही.

अनोळखी माणसाला पैसे पेमेंट ॲपमधल्या ‘मित्र-नातेवाईक’ या पर्यायातून कधीच पाठवू नका, त्यात खरेदीचं संरक्षण मिळत नाही. भारतात असाल तर पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, अमेरिकेत एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन तक्रार केंद्रावर तक्रार टाका. आणि चॅट डिलीट करू नका. मी रागाच्या भरात अर्धं डिलीट केलं तेव्हा बायकोने फोन काढून घेतला, म्हणून उरलेलं वाचलं.

त्याने नाव बदललं असेल, सांगली बदलून सातारा केलं असेल. पुढच्या सीझनचा गेम, नवे ट्रॅक, ‘लवकर ॲक्सेस’, काहीही सांगेल. असा मेसेज आला असेल तर त्याला उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट काढून मला पाठवा. माझ्याकडे तक्रार क्रमांक आहे, त्यालाच जोडून देतो.