कुमार गंधर्वांचे मागे राहून गेलेले अल्बम, दहा महिने ऐकल्यानंतर

वीसेक वर्षं मी स्वतःला शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांची, म्हणजे कुमारजींची, चाहती म्हणवत आलेय आणि ते खोटं नव्हतं, पण नीट बघितलं तर माझे कुमार गंधर्व म्हणजे निर्गुणी भजनं, वाणी जयराम यांच्याबरोबरचं ते एक नाट्यगीत, दोन-तीन भावगीतं आणि थोड्या बंदिशी, एवढंच. तेच तेच ऐकायचे. प्रवासात, स्वयंपाक करताना, झोप येत नसली की. बाकीचे अल्बम आहेत हे माहीत होतं, नावंही ऐकलेली, पण 'नंतर ऐकू' म्हणता म्हणता वीस वर्षं गेली.

मागच्या जूनमध्ये भजनं संपली आणि ॲपने आपोआप पुढचं काहीतरी लावलं. मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं लागलं. तीन-चार सुरांतच फिरणारी चाल, ना आलाप ना तान, एखाद्या बाईने जात्यावर बसून म्हणावी तशी. आणि मग एका जागी सूर असा वर फेकला गेला की हात थांबला, तो गळा दुसऱ्या कुणाचा असणंच शक्य नाही. तो अल्बम होता 'मालवा की लोकधुनें'. तिथपासून आत्तापर्यंत दहा महिने मी फक्त हे राहून गेलेलं ऐकतेय, म्हणून आता लिहितेय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर चुकीचं लिहिलं असतं, कारण पहिल्या आठवड्यात मला लोकधुना चक्क कंटाळवाण्या वाटल्या होत्या.

कंटाळा का आला ते आता कळतं. आपण रागाचा विस्तार ऐकायला कान लावून बसतो आणि इथे विस्तार नाहीच, चाल येते, फिरते, संपते. थोडी पार्श्वभूमी माहीत असेल तर वेगळं ऐकू येतं. जानेवारी १९४८ मध्ये कुमारजी क्षयाने आजारी असताना हवापालटासाठी मध्य प्रदेशातल्या माळव्यात, देवासला आले, जवळपास पाच वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस जवळजवळ कामातून गेलेलं. त्या काळात अंथरुणावर पडून त्यांनी ऐकलं काय, तर आसपासच्या बायकांची गाणी, लग्नाची, सणांची, आणि टेकडीवर माताजीच्या दर्शनाला येणाऱ्या-जाणाऱ्यांची, भिक्षा मागत फिरणाऱ्या जोग्यांची. गायचं नाही म्हणून फक्त ऐकायचं. त्यातून त्यांनी चाली गोळा केल्या, आणि त्यांना असं दिसलं की रागाचं बीज या धुनांत आहे. मग त्यांनी धुनांमधून राग उभे केले, मालवती, लगनगंधार, संजारी, अहिमोहिनी, सहेली तोडी, मधसुरजा. हे सगळं मी पुस्तकांत वाचलेलं होतं बरं का. पण वाचलेलं आणि ऐकलेलं यात किती फरक असतो! मी एक प्रयोग केला, महिनाभर रोज सकाळी आधी दोन लोकधुना आणि लगेच मालवती किंवा लगनगंधार. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कधीतरी रागाच्या मध्येच ती जात्यावरची बाई ऐकू यायला लागली. मग निर्गुणी भजनं परत लावली तर त्यांतही ती होतीच, इतकी वर्षं होती, मला ऐकू येत नव्हती.

सप्टेंबरमध्ये पितृपक्षात इंदूरच्या मावशीला फोन केला होता तेव्हा मागे हाच अल्बम चालू होता. मावशी लग्न होऊन इंदूरला गेली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, देवास तिथून तासाभरावर. ती बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "अगं हे काय लावलंयस? हे आमच्या शेजारच्या काकी म्हणायच्या." मी म्हटलं कुमार गंधर्व आहेत. ती म्हणाली, "असतील, पण गाणं काकींचं आहे." मग तिने सांगितलं की याच दिवसांत माळव्यात मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात, फुलं लावतात आणि संध्याकाळी गाणी म्हणतात, त्या गाण्यांची चालही अशीच बसक्या बसक्या सुरांची. मी जळगावची, आमच्याकडे भुलाबाई असते, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, तीही अशीच, चार सुरांत. लहानपणी मी ती गाणी खिरापतीसाठी म्हणायचे, चालीकडे कोण बघतं. आता गुणगुणून बघते तर त्यातही तोच साधा वळसा आहे.

'गीत वर्षा' मी जुलैत ऐकायला घेतला आणि हे अगदी आवर्जून सांगते, तो पावसातच ऐका. मल्हाराचे प्रकार आहेत, बंदिशी आहेत आणि त्यांच्याच शेजारी माळव्याची पावसाची लोकगीतं, मध्ये भिंत नाही. रागदारी वरची आणि लोकगीत खालचं असं कुठेच वाटत नाही, एकातून दुसऱ्यात माणूस घरातल्या घरात खोली बदलतो तसे ते जातात. मी नोव्हेंबरात परत लावून बघितला, चांगलाच वाटला, पण जुलैत खिडकीवर सर आपटत असताना जे झालं ते नाही झालं. असेच ऋतूंवरचे 'गीत हेमंत' आणि 'गीत वसंत' पण आहेत, हेमंत डिसेंबरात ऐकला, वसंत अजून पुरता ऐकून झालेला नाही.

आता 'मला उमजलेले बालगंधर्व'. याच्याबद्दल मनात अढी होती. आमच्या घरात बालगंधर्वांच्या पदांवर बोलायचं म्हणजे आवाज चढणारच, आणि आजोबांचं ठाम मत होतं की ती पदं इतरांनी म्हणू नयेत. ते मत मी न ऐकताच माझं करून टाकलं होतं. ऐकल्यावर पहिल्यांदा खटकलंच, कारण आपण वाट बघतो त्या जागा येत नाहीत, लाडिक मुरका जिथे हवा तिथे हे सरळ निघून जातात. पण पाचव्या-सहाव्या वेळी अल्बमच्या नावातला 'मला' हा शब्द लक्षात आला. लहानपणी हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा म्हणून दाखवायचा, लोक थक्क व्हायचे, 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याच वयात मिळाली. म्हणजे हुबेहूब नक्कल या माणसाला जगात सगळ्यात सोपी होती. आणि मोठेपणी ते बालगंधर्वांवर अल्बम करतात तेव्हा नक्कल अजिबात करत नाहीत! पद कुठे श्वास घेतं, शब्द कुठे सुटतो, लय कशी मागे रेलते, एवढंच उचलतात. हे लक्षात आल्यापासून माझा सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला अल्बम हाच झालाय. आजोबा आता नाहीत, असते तर त्यांना बसवून ऐकवला असता आणि भांडले असते.

'तांबे गीत रजनी' थंडीतला, रात्रीचा. भा. रा. तांबे मला शाळेपुरते माहीत, त्यांच्या कविता लता मंगेशकरांच्या आवाजात कानावर पडलेल्या, त्या आवाजाची सवय इतकी की इथे पहिले चार दिवस मी नुसती तुलनाच करत होते. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी, शिक्षणाच्या निमित्ताने काही काळ देवासलाही राहिलेले, म्हणजे हाही माळव्याचाच धागा. कुमारजी कविता गातात तेव्हा शब्द खूप हळू ठेवतात, जवळजवळ कुजबुजीत, एखादी ओळ अर्ध्यावर थांबवून गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यात तानपुरा बोलत राहतो. मुलीची परीक्षा चालू होती तेव्हा रात्री आम्ही दोघी हे लावून बसायचो, ती अभ्यास करायची.

तुकाराम दर्शन मात्र मला अजून नीट लागलेला नाही. तीनदा ऐकलाय. आपल्या कानात अभंग म्हणजे टाळ-मृदंग, गजर, माणसांचा घोळका, आणि इथे एकटा माणूस तुकोबांशी बोलतोय. चांगला आहे की नाही हे मी आत्ता बोलणार नाही, आषाढात परत ऐकेन.

आता ऐकण्याच्या सोयीबद्दल, कारण यात खूप वेळ गेला. मोबाईलच्या स्पीकरवर अजिबात ऐकू नका. कुमारजी तानपुरे जुळवण्यात किती वेळ घालवायचे हे प्रसिद्धच आहे, आणि मोबाईलवर तानपुरा पूर्ण नाहीसा होतो, मग सूर हवेत लटकल्यासारखे वाटतात. साधे वायरवाले हेडफोन चालतात. आवाज थोडा कमीच ठेवा, कारण कुजबुज चालू असताना ते एकदम सूर फेकतात आणि कान दचकतो. जुन्या रेकॉर्डींवरून घेतलेल्या काही ट्रॅकना खरखर आहे, दोन दिवसांत सवय होते. मला जास्त त्रास दुसऱ्याच गोष्टीचा झाला, मी वापरते त्या ॲपवर एकच गाणं चार वेगवेगळ्या नावांनी, क्रम पार उलटासुलटा, वसुंधराताईंचं, म्हणजे कुमारजींच्या पत्नी आणि गायिका वसुंधरा कोमकलींचं, नाव कित्येक ठिकाणी नाहीच. ज्यांचा आवाज भजनांत इतका स्पष्ट ऐकू येतो त्यांचं नाव नसावं याचा मला खरंच राग येतो. साथीला कोण आहे तेही नाही, वसंतराव आचरेकरांचा तबला मी आता कानाने ओळखायला शिकतेय. 'गीत वर्षा'चा क्रम मी शेवटी एका ओळखीच्या काकांकडची रेकॉर्ड बघून वहीत उतरवून घेतला आणि तशी स्वतःची प्लेलिस्ट केली. क्रमाने ऐकल्यावर तो वेगळाच अल्बम झाला.

माळवी शब्द मात्र अजून अर्धे कळत नाहीत, छापील कुठे मिळाले नाहीत. त्यासाठी मावशीच कामाला येते. ट्रॅक पाठवते, ती दुसऱ्या दिवशी फोन करून अर्थ सांगते. गेल्या रविवारी तिने अर्थ सांगायच्या ऐवजी गाणंच म्हटलं, काकींकडून ऐकलेलं, आणि तिची शेवटची ओळ कुमारजींपेक्षा वेगळीकडे उतरते. बारा सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे. तेही प्लेलिस्टमध्ये टाकलंय, त्या गाण्याच्या लगेच नंतर.