सीटेक एमएक्सएस ५.० : उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी घ्यावा का?

जुन्या गाड्या एकाच्या चार झाल्या तरी चालवणारा माणूस एकच राहतो, त्यामुळे कुठल्याही दिवशी तीन गाड्या उभ्याच असतात, आणि उभ्या गाडीत सगळ्यात आधी मान टाकते ती बॅटरी. सकाळी मस्त हवा पडलीय, कव्हर काढलं, चावी फिरवली आणि नुसतं टक टक टक. मग जंप केबल शोधा, दुसरी गाडी पुढे आणा, तोवर निम्मा उत्साह संपलेला असतो आणि माणूस जाऊ दे म्हणून रोजची गाडी घेऊन निघतो. जुनी गाडी अजून काही आठवडे तिथेच. माझं ठाम मत आहे की कलेक्शनमधल्या बऱ्याच गाड्या चालवून नाही तर अशा न चालवून खराब होतात, आणि त्याची सुरुवात बॅटरीपासून होते. म्हणून एका चार्जरबद्दल एवढं लांबलचक लिहितेय.

सीटेक ही स्वीडनची कंपनी. एमएक्सएस ५.० हा त्यांचा १२ व्होल्टचा मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरून पुढे तशीच भरलेली राखणारा चार्जर, जास्तीत जास्त ५ अँपिअर देतो, १.२ पासून ११० अँपिअर-अवरपर्यंतची (हे बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरी चार्ज करतो आणि नुसती भरलेली राखायची असेल तर १६० पर्यंत चालतो. हातात मावतो, आयपी ६५ आहे त्यामुळे धूळ आणि ओल्या फरशीची फार चिंता नाही. वर आठ दिवे ओळीने, म्हणजे चार्जिंग कुठल्या टप्प्यात आहे ते लांबून दिसतं.

आता हे टप्पे काय असतात ते थोडं सांगते कारण खरी किंमत त्यातच आहे. लेड अ‍ॅसिड बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे बसायला लागतात, त्यालाच सल्फेशन म्हणतात, आणि एकदा ते जुनं झालं की बॅटरी कितीही चार्ज करा, दम धरत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास शांत ठेवून मोजली तर १२.६ व्होल्टच्या वर दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, आणि त्याच्या खाली तिला पडू देऊ नये. हा चार्जर सुरुवातीला पल्स, म्हणजे विजेचे छोटे छोटे ठोके देऊन सल्फेट मोडायचा प्रयत्न करतो, मग बॅटरी चार्ज घेतेय का ते तपासतो, मग ५ अँपिअरने भरतो, मग व्होल्टेज १४.४ ला धरून करंट हळूहळू कमी करतो, मग चार्जिंग थांबवून बघतो की बॅटरी टिकतेय की बसतेय. त्यानंतर १३.६ व्होल्टवर फ्लोट, म्हणजे भरलेल्या बॅटरीला नुसतं धरून ठेवणं, तो जास्तीत जास्त दहा दिवस, आणि त्यापुढे फक्त गरज पडली की पल्स. म्हणजे महिनोन् महिने लावून ठेवला तरी बॅटरी ९५ ते १०० टक्क्यांत राहते आणि उकळत नाही.

उकळत नाही हे मी मुद्दाम लिहिलंय. आधी माझ्याकडे एका दुसऱ्याच कंपनीचा साधा ट्रिकल चार्जर होता, नाव लिहीत नाही, तो बॅटरी भरली काय न भरली काय, करंट ढकलतच राहायचा. झाकणं उघडली तर सेलमधलं पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं, टर्मिनलवर पांढरट हिरवा भुगा, आणि बॅटरी ट्रेच्या कोपऱ्यातला रंग फुगून पापुद्रा सुटलेला, बोटाने दाबलं तर खाली गंज. बॅटरी नवीन मिळते हो, पण जुन्या गाडीचा ट्रे आणि त्याच्या आजूबाजूचा पत्रा कापून नवा जोडायचा म्हणजे वेल्डिंग, प्रायमर, रंगाची शेड जुळवणं, सगळा खेळ. स्वस्त चार्जर असा महाग पडतो.

ज्यांच्याकडे जुनी एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे त्यांनी हे नीट वाचा. माझी १९६५ ची आहे, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं), बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटरऐवजी जुना डायनॅमो, आणि एका १२ व्होल्टऐवजी सीटांच्या मागे खाली दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडून १२ व्होल्ट. तिथे पोचायचं म्हणजे सीट पुढे ढकला, कार्पेट उचला, झाकणाचे स्क्रू अर्धा वळसा फिरवा, मग आत हात घालून अंदाजाने टर्मिनल शोधा. दर वेळी हे कोण करणार? त्यामुळे चार्जरसोबत जी गोल आयलेटची, म्हणजे टोकाला कडी असलेली कायमची वायर येते ती एकदाच टर्मिनलला बोल्टने बसवली, टोक कार्पेटच्या कडेने बाहेर काढलं, टोपी लावली, आणि आता दरवाजा उघडून प्लग खट्कन बसवला की झालं. माझ्या मते या चार्जरमधली सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे ही साधी वायर, कारण काम सोपं झालं तरच माणूस ते करतो.

पॉझिटिव्ह अर्थला घाबरायचं कारण नाही. चार्जर फक्त बॅटरी बघतो, तिचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, लाल नेहमी प्लसला आणि काळी मायनसला. चिमटे उलटे लागले तर चुकीचा इशारा देणारा दिवा लावतो आणि चार्जिंग सुरू करत नाही. लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच गोष्टीकडे. दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधली एक अशक्त असेल तर चार्जरला फक्त एकूण व्होल्टेज दिसतं, आणि मग चांगली बॅटरी जास्त चार्ज होते आणि अशक्त उपाशी राहते. त्यामुळे अधूनमधून मीटर घेऊन दोन्ही वेगवेगळ्या मोजा, प्रत्येक ६.३ च्या आसपास हवी, फरक दिसायला लागला तर दोन्ही एकदम बदला, एक नवी एक जुनी अशी जोडी लावू नका.

आणि डायनॅमोच्या गाडीला मेंटेनर जास्त गरजेचा का, तर या गाडीतला ल्युकस सी४० डायनॅमो देऊन देऊन २२ अँपिअर देतो, तेही आरपीएम वर असताना, आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही, लाल इग्निशन लाइट मिणमिणत असतो तो त्यासाठीच. रात्री हेडलाइट, वायपर लावून ट्रॅफिकमधून थोडंसं अंतर चालवलंत तर घरी येताना बॅटरी निघतानापेक्षा रिकामीच असते. लोक म्हणतात मी तर काल चालवली होती, आज का उठत नाही. हेच कारण.

१२ व्होल्टच्या डिझेलला, म्हणजे माझ्या मर्सिडीज डब्ल्यू १२३ ला तर याचा फरक सगळ्यात जास्त जाणवला. सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लग आधी करंट खातात, मग स्टार्टरला मोठं कॉम्प्रेशन फिरवायचं असतं, बॅटरी जराशी जरी अशक्त असली तरी इंजिन आळसावल्यासारखं फिरतं आणि पकडत नाही. आता पहिल्या फटक्यात घेते.

मर्यादा बघू. हा फक्त १२ व्होल्टचा आहे. ६० च्या दशकाच्या सुरुवातीची बीटल ६ व्होल्टची असते, तिला हा लावायचाच नाही, अजिबात नाही, तिच्यासाठी ६ व्होल्टचा किंवा ६ आणि १२ दोन्ही चालणारा वेगळा मेंटेनर घ्या. (बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते, टर्मिनलवर झाकण हवंच, सीटच्या स्प्रिंगा टेकून आग लागायचा धोका असतो, वायर बाहेर काढताना ते झाकण परत नीट बसतंय का बघा.) दुसरं, ५ अँपिअर म्हणजे घाईचं काम नाही. ६० अँपिअर-अवरची बॅटरी अर्धी रिकामी असेल तर नुसत्या हिशोबाने सहा तास, आणि शेवटचा टप्पा मुद्दाम हळू असतो, त्यामुळे रात्रभर धरून चाला. सकाळी आठवलं आणि दुपारी निघायचं, असं जमेलच असं नाही. आणि बॅटरी २ व्होल्टच्याही खाली गेली असेल तर हा तिला ओळखतच नाही.

रिकंड नावाचा एक मोड आहे, खूप उतरलेल्या पाण्याच्या बॅटरीसाठी, त्यात व्होल्टेज १५.८ पर्यंत जातं. याने एखादी बॅटरी परत जिवंत होते पण हा मोड बॅटरी गाडीत जोडलेली असताना वापरू नका, आधी केबल काढा, बॅटरी बाहेर मोकळ्या हवेत ठेवा, गॅस निघतो, नंतर डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. आणि एक बारीक गोष्ट, चार्जर मागच्या वेळी निवडलेला मोड लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी त्यातच सुरू होतो. वीज गेली आली तर हे बरं पडतं, पण रिकंड वापरून झाल्यावर मोड परत गाडीच्या चित्रावर, म्हणजे नेहमीच्या मोडवर आणल्याशिवाय दुसऱ्या गाडीला लावायचा नाही. मी चार्जरवर त्यासाठी चिठ्ठीच चिकटवलीय.

प्रत्येक गाडीला एक चार्जर हवा का? नाही. या काळातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये चावी काढल्यावर करंट खाणारं घड्याळाशिवाय काही नसतं, बॅटरी फक्त स्वतःहून हळूहळू उतरते, उकाड्यात जरा जास्त. एक चार्जर घ्या, आयलेटच्या वायरी जास्तीच्या घ्या, सगळ्या १२ व्होल्टच्या गाड्यांना कायमच्या बसवा आणि आठवडा आठवडा फिरवत राहा, तेवढं पुरतं. ज्या गाडीत नंतर कोणी अलार्म किंवा रेडिओ बसवलाय तिथे मात्र मीटर लावून गळती मोजा. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिसायला काहीच नाही, पण दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे ६० ची बॅटरी पंचवीस दिवसांत अर्धी. बॅटरी गाडीपासून तोडणारा कट-ऑफ स्विच बसवलेला असेल तर वायर स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला जोडा, दुसऱ्या बाजूला जोडलीत तर स्विच बंद असताना बॅटरीपर्यंत काही पोचणारच नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. हा चार्जर लावला की गाडी कधीही सुरू होते, आणि मग बरेच जण गाडी जागेवरच सुरू करून दहा मिनिटं घरघर करून बंद करतात आणि समाधान मानतात. ते करू नका हो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, इंजिन थंड असताना ते सायलेन्सरमध्ये आणि थोडं तेलात जाऊन बसतं, दहा मिनिटांत तेल तापत नाही त्यामुळे ते पाणी उडून जात नाही, सायलेन्सर आतून सडतो आणि ऑइल फिलरच्या झाकणाखाली पिवळट मलई दिसायला लागते. सुरू करायची तर बाहेर काढायची, वीस तीस किलोमीटर नीट चालवायची, सगळे गिअर वापरायचे, ब्रेक चार पाच वेळा चांगले दाबायचे म्हणजे डिस्कवरचा गंज निघतो आणि कॅलिपर अडकत नाहीत, टायर एकाच जागी दबून राहत नाहीत, सील ओले राहतात. नाहीतर सुरूच करू नका, तशीच शांत उभी असू दे, चार्जर आहेच.

बाकीच्या गोष्टी चार्जरच्या हातात नाहीत. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं, गाडी चालो न चालो दोन वर्षांनी बदला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराच्या नळ्या मऊ करतं आणि तडकवतं, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवून घ्या, पेट्रोल लाइनला ओलावा दिसला तर त्या दिवशी गाडी काढू नका. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन म्हणजे टायर बनला तो आठवडा, नंतरचे दोन वर्ष, खाच कितीही खोल दिसो, रबर जुनं ते जुनंच.

तर घ्यावा का? दोन किंवा जास्त १२ व्होल्टच्या जुन्या गाड्या असतील आणि गॅरेजमध्ये प्लग असेल तर डोळे झाकून घ्या, साध्या चार्जरपेक्षा महाग आहे पण माझ्याकडे बॅटऱ्या बदलायचं प्रमाण स्पष्ट कमी झालंय, आणि त्याहून मोठं म्हणजे मी गाड्या जास्त काढते, कारण चावी फिरवताना शंका नसते. कंपनी पाच वर्षांची वॉरंटी देते. गाडी रोज चालत असेल, चांगला अल्टरनेटर असेल तर याची गरज नाही, ते पैसे टायरवर घाला. गॅरेजमध्ये वीजच नसेल तर बॅटरी काढून घरात आणून चार्ज करणं हाच मार्ग, त्यासाठीही हा चालतो, सोबत चिमटे येतात. लावताना आधी चिमटे किंवा प्लग बॅटरीला, मग भिंतीतलं बटण, काढताना उलट, आणि चार्जर कव्हरखाली किंवा गादीवर न ठेवता मोकळ्या कडक जागी ठेवा, काम करताना तो गरम होतो.