हॅण्डब्रेक खाली, दिवा बंद, तरी चाक जाम : चिपळूणच्या बिनपाटीच्या गॅरेजबद्दल

गॅरेजचं नाव विचारू नका, पाटीच नाही. होती म्हणे, २०२१ च्या जुलैमधल्या महापुरात गेली ती गेलीच. मिस्त्रींनी पुन्हा लावली नाही. आत भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून दिसते, माझ्या डोक्याच्या बरीच वर. तिच्या खाली एक स्टूल आहे आणि गिऱ्हाइकाला बसायला तेवढंच. चारपैकी एक पाय आखूड.

माझी गाडी २०१४ ची हॅचबॅक. मागे ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं बिडाचं भांडं (ड्रम) आणि त्याला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या दोन पट्ट्या (शू). दोन सीटच्या मधे ओढायचा साधा हॅण्डब्रेक. जुलैमध्ये तीन आठवडे लेकीकडे पुण्याला होतो. गाडी घरीच, फणसाखाली. अंगणाला उतार, म्हणून ह्यांनी दोन्ही हातांनी हॅण्डब्रेक ओढून ठेवलेला. आमच्याकडचा जुलै म्हणजे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे उघड्यावरच्या लोखंडाचं काय होणार! आल्यावर गाडी काढताना मागून ‘टक्’ असा आवाज आला आणि गाडी सुटली. ड्रमला गंजून चिकटलेले शू असे सुटतात, दर पावसाळ्यात एकदा तरी होतं. मी लक्ष दिलं नाही.

पुढच्या रविवारी कराडला बारसं होतं. येताना कुंभार्ली घाट उतरून पोफळीला चहाला थांबलो, तर जळका वास. हे म्हणाले, घाट उतरल्यावर वास येतोच. येतो, मान्य आहे, पण मी घाटभर दुसरा गिअर सोडला नव्हता, म्हणजे गाडी इंजिनानेच रोखलेली, ब्रेक फारसा दाबलाच नव्हता. शिवाय ब्रेक दाबल्यावर जास्त भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणजे तापायची तर ती आधी तापायला हवीत. मी चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघितली, हात न लावता. पुढची दोन कोमट. मागचं डावं जवळजवळ गार. मागच्या उजव्याची धग वीतभर अंतरावरून लागत होती, तव्यासारखी. ह्यांनी बाटलीतलं पाणी ओतायला घेतलं तेव्हा मी ओरडलेच. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकू शकतं. अर्धा तास बसून राहिलो, एकेक चहा आणखी झाला.

घरासमोरच्या सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाकली, हॅण्डब्रेक पूर्ण खाली केला आणि दोघांनी ढकलली. हलेना. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मात्र शहाण्यासारखा विझलेला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं : तो दिवा लिव्हरखालच्या एका छोट्या स्विचवर चालतो. लिव्हर खाली गेला एवढंच त्याला कळतं. मागे चाकात शू सुटले का, ह्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. (ब्रेकचं तेल कमी झालं तरी तोच दिवा लागतो, म्हणजे लागला तर बघायचंच. विझला म्हणून निर्धास्त राहायचं नाही.)

आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेले. एसी, कॉफी, टॅबवाला मुलगा. त्याने दहा मिनिटांत ६,८०० रुपयांचं एस्टिमेट दिलं : दोन्ही बाजूंचे शू, दोन्ही व्हील सिलिंडर (ब्रेक दाबल्यावर शू ढकलणारे), ड्रम घासणं. तोवर गाडी जॅकवरसुद्धा चढलेली नव्हती. मी विचारलं, एकच चाक तापतंय तर दोन्हीकडचं सगळं का? तो म्हणाला, मॅडम, सेटच येतो. शू जोडीनेच बदलतात हे बरोबर आहे, पण शूच बिघडलेत हे कोणी ठरवलं? मी गाडी परत आणली, हळूहळू, दोनदा थांबून.

बिनपाटीचं गॅरेज शेजारच्या रिक्षावाल्याने सांगितलं. मिस्त्रींनी आधी काहीच उघडलं नाही. मला सीटवर बसवून म्हणाले, “ताई, ओढा बघू हॅण्डब्रेक, हळूहळू.” कट, कट, कट. तिसऱ्यालाच घट्ट. “ह्या गाडीला सहा-सात तरी यायला पाहिजेत. कोणीतरी इथे नट आवळलाय.” मार्चच्या सर्व्हिसिंगला मीच सांगितलं होतं, हॅण्डब्रेक फार वर येतो, जरा टाइट करा. मी गप्प बसले.

त्यांनी नट सैल केला. कटकट सातवर आली, चाक तरी मोकळं होईना. मग पुढच्या चाकांना ठोकळे लावले, मागची बाजू उचलली आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली घोडी लावली. उजवं चाक हाताने फिरवलं, खर्रर्र करून अर्ध्या फेऱ्यात थांबलं. डावं दोन फेऱ्या आरामात फिरलं. मग ते खाली सरपटले आणि हॅण्डब्रेकपासून उजव्या चाकाकडे येणारी केबल चाकाच्या मागच्या छोट्या लिव्हरवरून सोडवली. पोऱ्याला म्हणाले, फिरव. फिरलं! मला खाली वाकून बघायला लावलं. “केबल काढल्यावर चाक सुटलं, म्हणजे ड्रमच्या आतलं काम ठीक आहे. सुटलं नसतं तर ड्रम उघडायचा होता.” सगळा निकाल या एका कृतीत होता, आणि ती करायला त्यांना पाच मिनिटं लागली.

काढलेली केबल त्यांनी माझ्या हातात दिली. टोकाचं रबर फाटलेलं. आतली तार ओढून बघितली तर ती जायची, पण परत यायची नाही. वेष्टन उभं धरल्यावर त्यातून कोकमाच्या आगळासारखं लाल पाणी ठिबकलं. पावसाचं पाणी रबरातून शिरलं, आत गंज धरला, तार ओढली गेली आणि तिथेच अडकली. शूच्या स्प्रिंगमध्ये तिला मागे खेचण्याएवढा जोर नसतो. मी विचारलं, तेल सोडून चालेल का? “चार दिवस चालेल. पाचव्या दिवशी तुम्ही घाटात असाल.”

तरी ड्रम उघडून बघितलाच, तापला होता म्हणून. घट्ट बसलेल्या ड्रमवर हातोडा नाही घातला. ड्रमलाच दोन आटेदार भोकं असतात, त्यांत बोल्ट पिळत गेले आणि ड्रम आपोआप बाहेर आला. आतली भुकटी फुंकर न मारता ओल्या फडक्याने पुसली. शू चकाकत होते, पण जाडी होती. काचकागदाने घासून परत बसवले.

बिल : केबल ७५०, मजुरी ४५०. एकूण १,२००.

आता माझा शहाणपणा. मिस्त्री म्हणाले होते, दोन्ही केबल एका वयाच्या आहेत, डावीही बदलून टाका, मजुरीत थोडेच वाढतील. मी म्हटलं, डावी चालतेय ना? चालू दे. बरोब्बर सतरा दिवसांनी डावं चाक तापायला लागलं. पुन्हा ७५०, पुन्हा ४५०. त्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण पोऱ्या हसत होता.

तक्रारीही आहेत. फोन उचलत नाहीत. “संध्याकाळी या” म्हणजे दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ धरावी. पैसे ऑनलाइन घेतात, पण बिल वहीच्या पानावर मिळतं. कंपनीकडून बिल पास करून घ्यायचं असेल त्यांनी दुसरीकडे जावं. आणि इलेक्ट्रॉनिक बटणाचा हॅण्डब्रेक असलेली गाडी ते घेत नाहीत. “त्याला कॉम्प्युटर लागतो, माझ्याकडे नाही,” असं माझ्यासमोर एकाला सांगून परत पाठवलं. हे मी तक्रारीत लिहितेय खरं, पण मला ते आवडलं.

पाचपैकी चार. एक त्या स्टुलासाठी कापला.

जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, आणि पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर काय करायचं तेही विचारून या. मला सांगितलं : सपाट जागेवर लावा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा, हॅण्डब्रेक ओढूच नका. ठोकळा कुठे मिळेल म्हटल्यावर कोपऱ्यातला फणसाच्या लाकडाचा एक तुकडा त्यांनी तिरका कापून दिला. तो बिलात नाही. ह्यांनी त्याला दोरी बांधून दुसरं टोक स्टिअरिंगला अडकवलंय, नाहीतर ठोकळा न काढताच गाडी काढणार आम्ही.